सेकंदाला नऊ हजार सहाशे

वीरभद्रआप्पा फोनवर आधी "बोलतो" म्हणतात, मग बोलतात आणि "झालं" म्हणून फोन ठेवतात. समोरासमोर बसले तरी तेच. उमरग्यात त्यांना 'बोलतोआप्पा' म्हणतात. त्यांची काही हरकत नाही.

माझी हायवेलगत रक्त तपासायची लॅब आहे. मशीनचे आकडे आम्ही रिपोर्टवर हातानं उतरवायचो. एक दिवस आप्पा न बोलावताच आले. निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, खिशात टेस्टर, हातात वायर.

"बोलतो. ताई, मशीनला कंप्युटरशी बोलू द्या. झालं."

वायर जोडली, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मला हसू आलं, आप्पांना नाही.

"दोघांचं घड्याळ एक न्हाय. मशीन कवा बोलंल, कंप्युटरला काय ठाव? म्हणून गप असताना तारेतला विजेचा दाब वर धरायचा. बोलायच्या आधी एकदा खाली. ती खूण. तिथनं कंप्युटर आपल्या घड्याळावर मोजतंय. अक्षराचे आठ तुकडे, एकामागं एक. मग दाब परत वर. अक्षर संपलं."

त्यांच्या बोलण्याची रीत कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.

"मग हे चौकोन?"

"वेग जुळंना. मशीन सेकंदाला नऊ हजार सहाशे तुकडे सोडतंय, तुमचा कंप्युटर निम्म्यानंच ऐकतोय."

त्यांनी कंप्युटरचा वेग बदलला. पुढच्या पेशंटचं रक्त मशीनमध्ये गेलं आणि मिनिटभरात सगळे आकडे पडद्यावर उमटले. मी हातमोजे घालून नुसती बघत राहिले. एवढ्याशा तारेतून, एकमेकांचं घड्याळ न बघता, दशांशचिन्हसुद्धा जागच्या जागी.

पुढं आठवडाभर आप्पा लॅबमध्येच. मशीनवर बोट ठेवून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचे आणि कंप्युटरशी ताडून बघायचे. दोन पेशंटनी त्यांना डॉक्टर समजून जीभ काढून दाखवली. आप्पांनी ती बघितलीही.

शेवटी मी म्हणाले, "आप्पा, आता तरी विश्वास ठेवा की."

त्यांनी चष्मा काढला. "आमच्या मंडळीला डेंगू झालता. प्लेटलेट वीस हजार. हातानं उतरवताना एक शून्य जादा पडला. दोन लाख. डॉक्टर म्हणाले, ठीक हाय, घरी न्या. तिसऱ्या दिवशी गेली."

"कुठल्या लॅबमध्ये?"

ते त्यांनी सांगितलं नाही.

"लिहिणारी पोरगी लई चांगली. सकाळपासनं साठ-सत्तर रिपोर्ट लिहून दमलेली. नंतर रडत नोकरी सोडाय निघाली. मग म्या गेलो, आन् पहिली वायर तिच्याच टेबलावर जोडली. पोरगी अजून तिथंच कामाला हाय."