आधी सुधारणा, मग सूचना

निजलेल्या मुलाच्या घरात चमच्याएवढी जड वस्तू दुसरी नसते. शास्त्राने हे अजून मान्य केलं नसलं तरी समस्त आयांनी केलं आहे. महाडातल्या त्या दोन खोल्यांत दुपारची शांतता काठोकाठ भरलेली असताना नेमका ओट्यावरून चमचा निसटला. टण्ण! उज्वलाने श्वास रोखला. पाच वर्षांच्या अनुष्काने कूस बदलली, गोधडी नाकापर्यंत ओढली आणि पुन्हा झोपली. उज्वलाने मनातल्या मनात त्या गोधडीचे आभार मानले आणि फोन हातात घेतला.

उज्वला गावातल्या एका कॉलेजात 'एम. ए. ग्रामीण विकास'ला शिकवते, तासिका तत्त्वावर. (तासिका तत्त्व म्हणजे तास मिळाला तर मॅडम, नाही मिळाला तर नुसती उज्वला.) एम. ए. तिने तिथूनच केलं. येत्या सोमवारी कॉलेज तपासायला समिती येणार होती, आणि माजी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवरून अभ्यासक्रम सुधारला की नाही, हे ती पाहणार होती. अभिप्राय कमी पडले तर अभ्यासक्रम बंद, आणि अभ्यासक्रम बंद तर उज्वलाचे तासही बंद. इतका साधा हिशेब होता.

तसं कॉलेज अभिप्रायांच्या बाबतीत फार जागरूक. गेल्या वर्षी सत्तर टक्के मुलांनी एकच शब्द लिहून पाठवला होता: नोकरी. उरलेल्या तीस टक्क्यांना रेंज नव्हती (ती आंबेनळी घाटाकडची मुलं). कॉलेजने मागणीची तातडीने दखल घेतली आणि सूचनाफलकावर 'नोकरी' असा स्वतंत्र रकाना आखून दिला. रकाना आजही सुस्थितीत आहे. त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

या अनुभवातून प्राचार्य एका मूलगामी निष्कर्षाला आले: मुलांना आधी विचारलं की ती भलतंच मागतात. म्हणून यंदा सुधारणा आधी उरकून घेतल्या, मागायचं तेवढं बाकी ठेवलं. जिन्यात आरसा बसवला (आत्मपरीक्षणाला वाव). वर्गातलं बंद घड्याळ सुरू केलं (काळाशी सुसंगत अभ्यासक्रम). एमआयडीसीच्या बाजूचं फाटक कायमचं उघडं ठेवलं (उद्योगजगताशी थेट संबंध. फाटक टेम्पोच्या धडकेने आधीच निखळलं होतं, पण टेम्पो योग्य दिशेनेच आला होता).

"आता मुलांनी हे मागायला हवं, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "आणि मनापासून मागायला हवं."

पहिला नंबर ओमचा. ओम एम. ए. होऊन वीर स्टेशनला रिक्षा चालवतो. समितीसाठीच्या अहवालात तो 'वाहतूक क्षेत्रातील उद्योजक' आहे. पोरगी उठेल म्हणून उज्वला कुजबुजत बोलली, तसा भर स्टँडवर ओमही कुजबुजायला लागला.

"काय झालं म्याडम? कोन गेलं काय?"

"नाही रे! कॉलेजबद्दल तुझी सूचना हवी होती. जिन्यात आरसा हवा, असं तुला वाटतं ना?"

"माझ्या रिक्षाला दोन हायत. त्यातला एक आनून देऊ का?"

हा अभिप्राय 'संस्थेस योगदान देण्यास उत्सुक' या सदरात जमा झाला. दिशाने फोन उचलला नाही, पण गुलाबाच्या चित्रासह 'शुभ दुपार' पाठवली. तिला 'अत्यंत समाधानी'त धरलं. पांडूचा नंबर लावला, तर कापडे गावाहून त्याची आई रंगूबाई बोलली.

"पांडू हितं नाय गो बाय. तो मुंबईस असतो."

"तो ग्रामीण विकास शिकलाय ना, त्याबद्दल विचारायचं होतं."

"शिकला म्हनून तर गेला! गावाचा विकास शिकलेला पोर गावात कशाला राहील? न शिकलेले हायत हितं, भात लावतात." मग तिचाही आवाज खाली आला. "पन तू अशी हळू का बोलतेस गो? सासू हाय काय घरात?"

"मुलगी झोपलीय, मावशी."

"मग ठेव तो फोन नि तू पन नीज घटकाभर."

इतकी नेमकी सूचना साऱ्या मोहिमेत दुसरी आली नाही. पण ती झालेल्या सुधारणांत बसेना, म्हणून सोडून द्यावी लागली. (गाव सोडून गेलेले माजी विद्यार्थी नव्वद टक्के निघाले. अहवालात याला 'स्थलांतरक्षम कौशल्ये' असं नाव आहे.)

उन्हं कलताना प्राचार्यांचाच फोन आला. एक अभिप्राय कमी पडत होता. "अहो, तुम्हीही आमच्याच की!" ते आनंदाने म्हणाले.

उज्वला स्वतःचा फॉर्म भरायला बसली. आरसा, घड्याळ आणि फाटक तिने मनापासून मागितलं. 'पदवीमुळे रोजगार मिळाला काय?' हो, त्या घटकेला ती तोच करत होती. शेवटचा प्रश्न होता: 'हा अभ्यासक्रम आपण आपल्या पाल्यास सुचवाल काय?' पर्याय तीन: हो, नक्कीच, अवश्य. तिने 'अवश्य'वर बोट ठेवलं. बोट जरा रेंगाळलं खरं, पण फोनच जुना आहे. (वाचकांनी नाक मुरडू नये. असा फॉर्म त्यांनीही कधीतरी भरलेला आहे आणि खूण कुठे केली ते त्यांना चांगलं आठवतं.)

एवढ्यात गोधडी फरफटत अनुष्का आली आणि मांडीत शिरली. अंगाला अजून झोपेची ऊब होती. घरात जे काही लिहिलं जाईल ते वाचून दाखवायचं, हा तिचा जुना नियम. उज्वलाने प्रश्न वाचून दाखवला, उत्तरही.

"पाल्य म्हणजे कोण?"

"तू."

"आणि अवश्य?"

"अवश्य म्हणजे हो. अगदी आनंदाने हो."

अनुष्काने आईच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. दुपारभरची कुजबुज झोपेतही तिच्या कानावर आलीच होती.

"आई, मग मी तिथे शिकले की मी पण दुपारी सगळ्यांना असा हळूच फोन करणार?"