नोंद घेण्यात आली आहे

माणसाच्या आत वाईट ऊर्जा साठते आणि ती वेळच्या वेळी बाहेर सोडली नाही तर घरातल्या इतरांना त्रास होतो, हे आता सर्वमान्य आहे. माझ्या आत ती निवृत्तीनंतर साठू लागली. (त्यापूर्वीही साठत असे, पण ती पाटबंधारे कचेरीत अर्जदारांवर खर्ची पडे.)

ब्रह्मदेशात, आमच्या मॉलम्याइंगला, नववर्षाच्या सणात शेजारीपाजारी बादल्या भरून गल्लीत उभे राहतात. भिजणं मला मानवत नाही, म्हणून त्या सुट्टीत मी टेकडीवरच्या ध्यानकेंद्रात नाव घातलं. तिथल्या गुरूंनी, म्हणजे सयादोंनी, पद्धत समजावली. श्वास आत आला, नोंद घ्या. बाहेर गेला, नोंद घ्या. मध्येच आवाज आला तर मनात 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' म्हणा आणि परत श्वासाकडे या. आवाज कोणाचा, कशाचा, यात पडू नका.

मला हे फारच सोपं गेलं. कचेरीत उभा जन्म मी अर्जांवर 'नोंद घेतली' असं लिहीत आलो होतो आणि अर्ज कोणाचा, कशाचा, यात कधी पडलो नव्हतो. सयादो म्हणाले, "उपासक, तुमची पूर्वतयारी दांडगी दिसते." मी ते कौतुक समजून घरी आलो.

घरी सकाळ-संध्याकाळ चटईवर बसायचं ठरलं. त्या काळात पाण्याचा पंप बंद, कांदा तळणं बंद, मासेवालीनं आमच्या दारावरून मुक्यानं जावं, आणि शेजारच्या कोंबड्याला त्याच्या मालकानं समज द्यावी, असे काही किरकोळ नियम मी केले. परिणाम उत्तम आला. माझ्या पाहणीनुसार माझा राग जवळपास संपुष्टात आला. (पाहणी चटईवर बसूनच केली. उठल्यानंतरचा काळ हिशेबात धरलेला नाही.)

उठल्यानंतर मात्र चहा गार का, वर्तमानपत्राची घडी कोणी मोडली, असे प्रश्न निघत आणि मी ते मोठ्यानं विचारी. तेव्हा माझी बायको मा न्वे यी हिनं व्यवहारी तोडगा काढला. तिला किंवा आमची लेक युझाना हिला जे काय विचारायचं असेल ते मी चटईवर असताना विचारायचं. श्वास सोडताना माझ्या नाकातून 'हं' असा आवाज निघतो. तो होकार धरला जाऊ लागला. या मार्गानं घरात मांजर आलं, मागच्या खोलीला हिरवा रंग लागला आणि माझी वेताची आरामखुर्ची मठाला दान झाली. दर वेळी उठल्यावर मी घर डोक्यावर घेई आणि त्यातून साठलेली ऊर्जा संध्याकाळी श्वासावाटे सोडून देई. अशी व्यवस्था अगदी सुरळीत चालली होती.

एका संध्याकाळी चटईसमोर कपड्यांची सळसळ झाली. सळसळ, सळसळ. मग जमिनीच्या लाकडी फळ्या वाजल्या, एकदा, दोनदा, तीनदा. वाजतायत, वाजतायत.

"अफे, येते मी," कोणीतरी म्हणालं.

ऐकू येतंय, ऐकू येतंय.

"अफे, काहीच बोलणार नाही?"

मी श्वास सोडला. हं.

इतका एकाग्र मी पूर्वी कधीच झालो नव्हतो. ते सयादोंना कधी सांगतो असं झालं होतं मला.

आमच्याकडे जेवताना पहिला घास लेकरांनी अफेच्या, म्हणजे बापाच्या, ताटात वाढायचा असतो. त्या दिवशी माशाचा तुकडा भांड्यातच राहिला. मी विचारलं, "युझाना कुठंय?"

"सिंगापूरला. म्हणजे अजून यांगूनच्या बसमध्येच असेल."

"मला न विचारता?"

"विचारलं की! पावसाळ्याच्या आधीपासून विचारतेय ती. तिथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी धरू का, तर हं. तीन वर्षं यायला मिळणार नाही, जाऊ का, तर हं. आज तर गुडघे टेकून, तीनदा डोकं टेकवून आशीर्वाद मागत होती पोर."

"अगं, मी ध्यानात होतो!"

"मग विचारायचं तरी कधी, को तुन शेन? शांत असता तेव्हा तुम्ही घरात नसता, आणि घरात असता तेव्हा शांत नसता."

मी खाली बघत विचारलं, "जाताना काय म्हणाली?"

"म्हणाली, अफे चिडले नाहीत. बरं झालं."

मी नियमाप्रमाणे श्वास आत घेतला. तो बाहेर येईना. छातीत अडकून बसला आणि आला तो हुंदका होऊनच आला. त्याची नोंद मला घेता आली नाही. एकुलती एक लेक माझ्या पायाशी वाकून गेली होती आणि मी फळ्या ऐकत बसलो होतो.

आता ती रविवारी फोन करते. मी काय जेवलीस विचारतो, ती सांगते, आणि ती काय सांगते ते मी ऐकतो. (सुरुवातीला जड गेलं.) आशीर्वाद तेवढा राहिलाय. तो फोनवर द्यायची आमच्यात रीत नाही, समोर वाकलेल्या डोक्यावरच द्यावा लागतो. तेव्हा तीन वर्षं थांबणं आलं.

असो. आपण हे सगळं मध्ये न उठता, शांत चित्तानं वाचलंत, त्याबद्दल अभिनंदन. अशी एकाग्रता सगळ्यांना साधत नाही. फक्त मघाशी कोणीतरी दाराशी येऊन आपल्याला काही विचारून गेलं, आणि आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. काय विचारलं होतं?