खाजेची हद्द

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. हसून सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण शेवट माझ्यावर येत असे.

बापूराव मोजणीदार डास मारीत नसत. हातावर डास बसला की डोळे मिटून म्हणत, "देखो तो सही, भिया! खाज इथं सुरू झाली. आता हिची हद्द कुठं लागते?" डास तोवर पोट भरून उडून जाई.

मी मूळचा धारचा. नोकरीला देवासला आलो आणि कचेरीत त्यांच्या शेजारी बसलो. देवासला रस्ता एक, राज्यं दोन. ह्या बाजूला एक महाराज, त्या बाजूला दुसरे. बापूरावांचा जन्म हद्दी मोजण्यात गेलेला. वडिलांच्या श्राद्धाला गयेला गेले, तिथं जवळच बोधिवृक्षाखाली ब्रह्मदेशचा एक भिक्षू भेटला. त्यानं शिकवलं, मनात येईल ते हाकलू नका, धरू नका, नुसतं तपासून बघा. बापूराव खूश! ही तर मोजणीच!

मग दाढ दुखली, तर वैद्यांनाच म्हणाले, "जरा थांबा. दुखणं दाढेत आहे की दाढेभोवती, ते बघून घेतो." पंगतीत मिरची लागली, बाकीचे पाणी पाणी करताहेत, ह्यांच्या डोळ्यांना धारा आणि चेहरा प्रसन्न. "बघा, ओसरतंय!"

एकुलती मुलगी रस्त्यापलीकडे समोरच्याच घरात दिली होती. "परराज्यात दिली लेक," ते म्हणत, "पण ताक मागायला रोज येते." बायको गेल्यापासून ते ताक स्वतःच घुसळत.

एका दुपारी ते कचेरीत असेच डोळे मिटून बसले होते. नवे साहेब आले. "हे झोपतात का?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. "रोजच, साहेब," मी म्हणालो. कचेरी खो खो हसली. साहेब हसले नाहीत. बापूरावांची बदली लांब टोंकखुर्द गावी झाली.

माफी मागायला मी तिथं गेलो. ओट्यावर एकटेच होते, शेजारी ताकाचं झाकलेलं भांडं.

"सवयीनं घुसळतो," ते म्हणाले. "मागायला कोणी येत नाही. लेकीच्या आठवणीची हद्द काही सापडत नाही, भिया." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमचा चेहरा असा का? काय होतंय? छातीत, की घशाशी? देखो तो सही."

घशाशीच होतं.

"पित्त," मी म्हणालो.

ते लगबगीनं आत गेले आणि मूठभर आवळकाठी घेऊन आले. ती चघळत मी परत निघालो.

"बापूराव, तुम्ही झोपला नव्हता," एवढंच मला म्हणायचं होतं.