सोबतीची सीट

कौशल्याबाई सिंदखेडराजाची सहल करून परतल्या, तेव्हा पंजाबराव दारातच तोंड पाडून उभे होते. अख्खी गल्ली बायकोच्या व्हीलचेअरभोवती गोळा झाली होती आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"काकू, लय पायऱ्या हायेत काय वो तिथं?" समोरची नीलम विचारत होती.

"हायेत ना. पन नितेशनं फळ्या टाकल्या अन् पंचफुलानं मले असं अलगद वर नेलं, हातात चहाचा कप असता त थेंब सांडला नसता!"

पंजाबरावांच्या पोटात दुखायला लागलं. हिवरखेडची शेती बटईनं देऊन ते अकोल्यात राहायला आले, तेव्हापासून गल्लीत कोणाला कुठे जायचं असलं की रस्ता त्यांनाच विचारत. कौशल्याबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं आणि खुर्ची आली. मग नितेश नावाच्या एका खटपट्या माणसानं फळी लावून खुर्ची थेट आत चढवता येईल अशी गाडी केली आणि खुर्चीवाल्यांच्या सहली सुरू केल्या. दर खुर्चीमागे एक सोबती, असा त्याचा नियम होता. कौशल्याबाईंची सोबतीण म्हणजे शेजारची पंचफुला. शेवया करून करून तिचे दंड चांगले कमावलेले होते. बघता बघता कौशल्याबाईंनी अचलपूर पाहिलं, लोणार पाहिलं, आता सिंदखेडराजाही पाहिलं. आणि धडधाकट पायांच्या पंजाबरावांनी पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे नागपूरचं कृषी प्रदर्शन! आता रस्तासुद्धा लोक काकूंनाच विचारत.

त्यातच नितेशनं जाहीर केलं की पुढच्या महिन्यात सगळ्यांना अलिबागला समुद्र दाखवायचा. पंजाबरावांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. आपल्याआधी बायको समुद्र पाहणार आणि तोही पंचफुलाच्या जोडीनं, हे काही त्यांना सहन होईना.

"समुद्राले तुह्यासंगं मी येनार," त्यांनी जेवताना सांगून टाकलं.

"पंचफुला ठरली हाये."

"तुहा नवरा मी हाओ का पंचफुला?"

"नवरा तुमीच. पन खुर्ची ढकलाले पंचफुला बरी."

ताटावरून उठून पंजाबरावांनी नितेशला फोन लावला. नितेशनं तोडगा काढला. रविवारी बाळापूरची सहल होती. त्या दिवशी काकाजींनी सोबती व्हावं. जमलं तर समुद्राची सीट त्यांची. पंचफुलालाही त्यानं बरोबर घेतलं, न जाणो गरज पडली तर. ही गोष्ट पंजाबरावांना फार लागली.

बाळापूरच्या किल्ल्याखाली गाडी थांबली. पंजाबरावांनी बाह्या सरसावल्या आणि खुर्चीला जोर लावला. खुर्ची हलली, पण डाव्या अंगाचा बैल अंग चोरतो तशी एका बाजूला ओढायला लागली.

"अवो, मी काय म्हंते..." कौशल्याबाईंनी मागे मान वळवली.

"तू गुमान बस. मले शिकवू नको."

कौशल्याबाई गुमान बसल्या. पंजाबराव घामाघूम झाले. बाकीच्या खुर्च्या शेजारून सुळकन पुढे गेल्या. "तू लय जड झाली वं," ते धापा टाकत म्हणाले. "सहलीत नुसती खाऊन राहिली वाट्टे." नितेश मदतीला आला, त्याला पंजाबरावांनी हातानंच परतवलं. पंचफुला जवळ आली, तेव्हा तर त्यांनी असा काही जोर लावला की कंबरेत कचकन उसण भरली आणि ते जागच्या जागी वाकडे झाले.

पंचफुलानं खाली पाहिलं आणि डाव्या चाकाची दांडी वर उचलली. "काकाजी, एका बाजूचा ब्रेक लागेल होता ना!"

"तुले मालूम होतं?" पंजाबराव बायकोवर खेकसले.

"तुमीच म्हनले ना, शिकवू नको."

पंजाबरावांना सरळ उभं राहता येईना. शेवटी गाडीतली जादा खुर्ची काढून त्यांना तीत बसवलं. नितेशनं कौशल्याबाईंची खुर्ची धरली आणि पंचफुलानं पंजाबरावांची. पहिली काही मिनिटं ते शरमेनं मान खाली घालून बसले. पण पंचफुलाच्या हातात खुर्ची लोण्यासारखी चालत होती. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कोणी पाणी आणलं, कोणी चहा. पंचफुला बुरूज दाखवी, नदी दाखवी, मधूनच एखादा चावट किस्सा सांगे आणि पंजाबराव कंबर धरून हसत. एका हातानं खुर्ची आणि दुसऱ्या हातानं कानाला फोन धरलेल्या नितेशच्या पुढ्यात बसून कौशल्याबाई हे सगळं बघत होत्या.

परतताना त्या गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. पंजाबरावांच्या ते लक्षात आलं आणि कंबर ठणकत असूनही त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. बायको जळून राहिली! लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं शाळेत जायला लागली आणि आता कोणीतरी त्यांच्यावरून जळतंय, हे सुख त्यांना नवीनच होतं. समुद्राचं दुःखही निम्मं उतरलं.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी तोंड उघडलं. "एक सांगून ठेवते. पंचफुलाले पुन्हा तुमची खुर्ची ढकलाले लावाचं नाई."

"काहून वं?" पंजाबरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आता या वयात काय संशय घेतं?"

"संशय कायचा? ती माही सोबतीन हाये! माह्ये सारे किस्से तुमाले सांगून टाकले तिनं. अन् तुमाले ढकलून हात दुखले तिचे, त मले समुद्राले कोन नेईन? तुमी तुमची सोबत पाहा."

पंजाबरावांचा हात मिशीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडल्या पडल्या नितेशला फोन केला. उसण लवकर उतरायची नाही, डॉक्टरांनी चालायला मनाई केली आहे, तेव्हा समुद्राला आपलीही एक खुर्ची धर, म्हणाले.

"धरतो ना, काकाजी. फक्त सोबती आना. घरचं कोनी नाई काय?"

पंजाबरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. कौशल्याबाई पंचफुलाला एकेक लुगडं दाखवून, समुद्रावर कोणतं शोभेल ते विचारत होत्या.

"घरचं मानूस हाये," पंजाबराव हळूच म्हणाले, "पन ते पंचफुलानं आधीच बुक करून ठेवलं."