बादलीतला लकी बांबू

"तीन काड्यांचं रोप ते! त्याला जगवायला काय अक्कल लागते?"

भीमासरांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांची छाती चांगली दोन इंच पुढे आली होती. सोलापूरच्या एका शाळेत अर्धं आयुष्य विज्ञान शिकवलेला माणूस! त्याला झाड सांभाळायला सांगणं म्हणजे अपमानच की!

पण त्यांच्या बायकोचा, बुद्धप्रियाचा, चेहरा काही हलला नाही. ती रेल्वेच्या ऑफिसात होती आणि तिला बढती चालून आली होती. अडचण एकच. बढती कुर्डुवाडीला होती.

"रोज गाडीनं जाऊन येऊन करायचं म्हणजे सकाळी गेले की रात्रीच घरी," ती म्हणाली. "घर तुमच्यावर पडणार. म्हणून म्हणते, मी पुण्याला ट्रेनिंगला जातेय तोवर एवढा लकी बांबू जगवून दाखवा. जगला तर बढतीला हो म्हणते. नाहीतर आहे ती खुर्ची बरी आहे मला."

आता खरी गोष्ट अशी, की ती बढती बुद्धप्रियापेक्षा भीमासरांनाच जास्त हवी होती. बायकोचा त्यांना भारी अभिमान! स्टाफरूममध्ये त्यांनी पेढेसुद्धा वाटून टाकले होते. आता नकार आला तर पेढे परत कसे मागायचे?

"जगला म्हणून समज! आणि लकीबिकी काही नसतं हं. शास्त्रीयदृष्ट्या तो बांबूसुद्धा नाही!"

"जो काय असेल तो असू दे. पिंपातलं आदल्या दिवशीचं पाणी घाला आणि उन्हात ठेवू नका."

काचेच्या भांड्यात पांढरे खडे, त्यात उभ्या तीन हिरव्या कांड्या आणि कमरेला लाल रिबीन. एवढं सोपवून बुद्धप्रिया पुण्याला गेली.

शिळं पाणी? भीमासरांच्या बुद्धीला ते पटेना. आपण ताजं पाणी प्यायचं आणि झाडानं शिळं? त्यामुळे गल्लीत "पाणी आलं, पाणी आलं!" असा ओरडा झाला, की आधी बांबूचं भांडं नळाखाली जायचं, मग घागरी आणि पिंपं. नळाच्या पहिल्या धारेला औषधाचा असा वास, की नाक धरावं! "निर्जंतुक आहे," भीमासर खूश होऊन म्हणायचे.

बांबू मात्र खूश नव्हता. आधी पानांची टोकं पिवळी पडली, मग अख्खी पानं, मग एक कांडी.

संध्याकाळी बुद्धप्रियाचा व्हिडिओ कॉल आला. "अहो, पिवळा दिसतोय का हो?"

"छे, छे! बल्बचा उजेड पिवळा आहे!"

दुसऱ्या दिवशी मंद्रूपहून भीमासरांच्या आई आल्या. विठाबाईंची उमर लोकांच्या शेतात उसाची लागवड करण्यात गेली होती. त्यांनी भांड्यात वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"भीमा! आरं, ऊस आसा पान्यात बुडवून ठिवत्यात व्हय? कुजंल की!"

"आई, ऊस नाही तो. शोभेचं झाड आहे."

"मला शिकवू नगंस. ही बग पेरं, ह्यो बग फुटायचा डोळा. नुसत्या पान्यावर कोन जगंल? युरिया टाक की चमचाभर."

नायट्रोजन! भीमासरांना एकदम पटलं. शेजारच्या कुंडीवाल्यांकडून चमचाभर युरिया आणून त्यांनी भांड्यात सोडला, छान ढवळला आणि केस कापायला गेले.

परत येऊन बघतात तर काय! भांड्यात नुसते पांढरे खडे! ना कांडी, ना रिबीन!

"आई! बांबू कुठंय?"

"लावला की!" विठाबाई विळी बाजूला सारून पदराला हात पुसत म्हणाल्या. "दोन दोन डोळ्यांच्या कांड्या केल्या आन् त्या रंगाच्या बादलीत आडव्या पुरल्या. वर शेनखत घातलंय. आता बग कसा फुटतोय!"

भीमासर मटकन खाली बसले. बाल्कनीत रंगाची जुनी बादली होती. बादलीला लाल रिबीन बांधली होती. आत काळी माती होती. त्या मातीखाली बायकोची बढती गाडलेली होती!

मग ते उठले, स्कूटर काढली आणि विजापूर रोडवरच्या नर्सरीत जाऊन थडकले. तिथं तीन कांड्यांचा बांबू संपलेला. उरला होता तो लग्नातल्या केकसारखा तीन मजली! भीमासरांनी तोच उचलला.

संध्याकाळी कॉल आला. पलीकडे बुद्धप्रियाचे डोळे विस्फारले.

"अहो! एवढा वाढला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. भीमासरांनी तोंडही उघडलं होतं. पण बायकोच्या डोळ्यांतलं कौतुक त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं हो!

"म्हटलं होतं ना, हाताला यश आहे माझ्या!"

झालं! बुद्धप्रियानं फोन घेऊन अख्खं होस्टेल पालथं घातलं. पडद्यावर डोक्यांची गर्दी झाली. "सर, आमच्या मॅडमना पण सांगा की, कसं करायचं! त्यांच्या घरी पण आहे," कुणीतरी म्हणालं आणि चष्मा लावलेल्या एक बाई पुढे सरकल्या. भीमासरांनी घसा साफ केला. समोर वर्ग भरला होता आणि गुरुजी गप्प बसणार होते थोडेच!

"पहिलं म्हणजे, शिळं पाणी बंद! नळाची पहिली धार, रोज! दुसरं, नायट्रोजन. चमचाभर युरिया, बिनधास्त!"

"आन् ऊन दावा म्हनावं!" मागून विठाबाई ओरडल्या.

"तिसरं, ऊन!" भीमासर म्हणाले. चष्मेवाल्या बाईंनी मान डोलावली.

आठवड्याभरानं ट्रेनिंग संपवून बुद्धप्रिया घरी आली. तिनं तीन मजली बांबूभोवती एक चक्कर मारली. भीमासर श्वास रोखून उभे.

"प्रिया, त्यो कशाला बगतीस?" विठाबाईंनी तिचा हात धरून तिला बाल्कनीत नेलं. "तुजा हितं हाय. मी लावलाय की!"

बुद्धप्रियानं बादलीची रिबीन बघितली, माती बघितली आणि मग नवऱ्याकडे बघितलं. भीमासरांनी सगळं कबूल केलं. पाणी, युरिया, बादली, नर्सरी, सगळं! "मी नालायक ठरलो गं. पण माझ्यापायी बढती सोडू नकोस!"

बुद्धप्रिया हसायलाच लागली. "अहो, पुण्याला जायच्या आधीच होकार कळवलाय मी!"

"काय? मग हे बांबूचं?"

"तुमच्या हाताला काम नसलं की तुम्ही तासातासाला फोन करता. म्हणून गुंतवलं होतं तुम्हाला!"

भीमासर थक्क! राग यावा की आनंद व्हावा, हेच त्यांना कळेना. शेवटी आनंदच झाला. पेढे वाया गेले नव्हते!

तेवढ्यात बुद्धप्रियाचा फोन वाजला. तिनं मेसेज उघडला आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. फोटोत एक भांडं होतं. भांड्यात सात-आठ कांड्या, सगळ्या हळदीसारख्या पिवळ्या, माना टाकलेल्या. खाली लिहिलं होतं: 'सरांनी सांगितलं तसंच केलं. लग्नापासून जपलेला होता.'

"कुणाचा गं?" भीमासरांनी बारीक आवाजात विचारलं.

"राजश्री मॅडमचा. त्या चष्मेवाल्या. ट्रेनिंगला शिकवायला आल्या होत्या."

"मग? गेल्या असतील आता आपल्या गावी."

"गेल्या ना, त्या कॉलच्या दुसऱ्याच दिवशी. कुर्डुवाडीला." बुद्धप्रिया खुर्चीत बसली. "सोमवारपासून माझ्या साहेब त्याच आहेत!"

विठाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि बादलीतली माती बोटानं जरा उकरली.

"दोन कांड्या जादा हायत," त्या म्हणाल्या. "दिऊ का बांधून?"

आणि विज्ञानाचे भीमासर मुकाट्यानं पिशवी शोधायला उठले.