सासूबाईंच्या मांडीवरचा रस्सा

नागपुरात माझ्याइतका सेफ ड्रायव्हर शोधून दाखवा! नंदनवनातल्या घरून निघून इतवारीच्या गजबजलेल्या बाजारात शिरायचं आणि कुणाला न घासता बाहेर यायचं, हे मला झोपेतही जमतं. पण घरात त्याचं कौतुक कुणाला!

झालं असं, की बेसा भागात राहणाऱ्या माझ्या साडूने, जितेंद्रने, नवी गाडी आणली. ती स्वतःच स्टिअरिंग सांभाळते, स्वतःच ब्रेक मारते. तेव्हापासून माझ्या बायकोला, भावनाला, दुसरा विषय नाही.

"अहो, समोर कुत्रं आलं की जितेंद्रजींची गाडी आपोआप थांबते!"

"मीही थांबतो!"

"थांबता, पण पहिले कुत्र्याले शिव्या देता."

माझा जळफळाट झाला. लपवत नाही! त्यात मेव्हण्याच्या मुलीचं, मयुराचं, लग्न रामटेकला. लग्नाला जाताना सासूबाई नेहमी थोरल्या जावयाच्या, म्हणजे माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर बसतात. सासरी तेवढाच काय तो माझा मान! आणि यंदा त्या म्हणाल्या, "जवाईबापू, या खेपी मी जितूच्या गाडीत बसतो. थे लय सेफ हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"कंपनीवाले."

"कंपनी आपल्याच गाडीला नापास करेल काय? परीक्षा घ्या! इतवारीत!"

परीक्षा मीच ठरवली. सासूबाईंनी मागच्या सीटवर बसायचं, मांडीवर पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याने काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे पातेलं, घ्यायचा. ज्याच्या गाडीत कमी सांडेल, तो सेफ. जितूने पेडलला पाय लावायचा नाही. इतवारीत पावलोपावली हातठेले, गाडी दचकून ब्रेक मारणार, रस्सा सासूबाईंच्या लुगड्यावर आणि मान माझ्याकडे परत!

सासूबाई जितूच्या गाडीत बसल्या. मी आणि भावना मागून निघालो. गल्लीत शिरताच समोर ठेला आला, गाडी हळूच थांबली. ठेला गेला, टेम्पो आला. टेम्पो गेला, पोतं घेतलेला हमाल आला. गाडी जागची हलेना! मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मी उतरून खिडकीतून डोकावलो. रस्सा जसाच्या तसा!

"पास," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पण ही चालली कुठं? असा तर आमच्या घरचा फ्रीजही सेफ आहे!"

"मंग? फ्रीजनं कोणाले धडक देल्ली काय आजवर?"

"भाऊजी, काहून टेन्शन घेऊन राहिले? आता तुमची पाळी," जितू हसून म्हणाला. त्या हसण्याने माझ्या अंगाची आणखीच आग झाली.

सासूबाई गंजासकट माझ्या गाडीत आल्या. जितूने आता स्वतः पाय लावून गाडी पुढे काढली, मी त्याच्या मागे. आणि काय चालवली म्हणता! खड्डे असे चुकवले, की रश्श्यावरची तर्रीसुद्धा हलली नाही. आता सासूबाईंच्या चेहऱ्यावर जरा कौतुक दिसावं, एवढीच इच्छा होती. आरशात पाहिलं, तर त्या आपल्या गंजाकडेच बघताहेत. मी आरसा थोडा खाली वळवला.

"पाहा आई! एक थेंब तरी..."

धाड!

जितूच्या पुढे ठेला आडवा आला होता. त्याच्या गाडीने आपणहून ब्रेक मारला होता आणि ठेल्याला नखही लागलं नव्हतं. मी मात्र तिच्या डिकीत! मागे वळून पाहिलं. सासूबाई सुखरूप होत्या. रस्सा गार होता म्हणून बरं, कारण तो सगळा त्यांच्या अंगावर होता. खांद्यावर एक पाटोडी बसली होती.

"नापास," त्या एवढंच म्हणाल्या.

जितू धावत आला. "भाऊजी, एवढी मोठी गाडी दिसली नाही काय तुमाले?"

भावना आईचं तोंड पुसत म्हणाली, "दिसन नाही तं काय! दोन महिन्यांपासून ह्यायले दुसरं काही दिसूनच नाही राहिलं!"

रामटेकला सासूबाई जितूच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. तिच्या डिकीला नुसता पोचा पडला होता, माझी गाडी मात्र गॅरेजात, त्यामुळे आम्हीही त्याच गाडीत, मागे. ब्रेक कधी चुकतो, यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार होतो.

कुणाला सांगू नका, पण कामठी यायच्या आतच मला गाढ झोप लागली!