कुलथे सरांची उभी बैठक

आमच्या कुलथे सरांच्या बैठकीत खुर्च्या नसतात. सर विद्यापीठाच्या बीडमधल्या औषध-चाचणी विभागाचे प्रमुख आणि मी त्यांचा मदतनीस. त्यामुळे बैठकीआधी खुर्च्या व्हरांड्यात नेऊन ठेवायचं काम माझं. "बूड टेकलं की मानसाला निवांत रोग सुचत्यात," हे सरांचं ठाम मत. गुडघ्याच्या तज्ज्ञांनाही ते उभं ठेवतात.

संतापायला त्यांना कारण लागत नाही. चहा पातळ निघाला तरी "आसा कावून?" म्हणून गरजतात. पण यंदा मीही संतापलो.

पुढची काही वर्षं कोणत्या चाचण्या आधी घ्यायच्या, ते ठरायचं होतं. सरांना पहिल्या जागी एकच हवी होती. नेकनूर भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी. निघण्याआधी लोहाचं इंजेक्शन दिलं तर गोळ्यांपेक्षा जास्त फरक पडतो का? शहरातून आलेल्या सल्लागारांना मात्र वजन घटवायचं औषध तपासायचं होतं.

"नेकनूरच्या बायांचं काय घटवता?" सर कडाडले. "हाडं?"

"तुमच्या बायका मध्येच गायब होतात," सल्लागार म्हणाले. "मागच्या वेळी पाहिलं ना."

पाहिलं ना! मागची चाचणी यांनीच आखली आणि फेरतपासणी ठेवली दिवाळीनंतर. दसरा झाला की इथली अर्धी गावं कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही गेलो तर दारांना कुलपं. आणि अहवालात काय लिहिलं? 'सहभागी उदासीन'! थंडीत पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला उदासीन म्हणायला यांची जीभ रेटते तरी कशी?

"उसाच्या फडावर जाऊ की! रगत तितंबी निघतं," सर म्हणाले. कुणी ऐकलं नाही. त्यांची चाचणी शेवटच्या जागी गेली, म्हणजे गेलीच.

दुपारी त्यांच्या खोलीत डोकावलो. खाणावळीचा डबा तसाच बंद. वहिनी गेल्यापासून तो बहुतेकदा तसाच परत जातो. सर फोनवर बोलत होते, स्पीकर चालू. पलीकडे मागच्या चाचणीतल्या मथुराबाई आणि ट्रॅक्टरची धडधड.

"चक्कर येती का अजून? भाकर खाल्ली का? समद्यांच्या मागून खात बसू नका."

मी उसळलोच. "सर, तुमचा तर यांच्याशी संपर्क आहे! मग बैठकीत सांगितलं का नाही?"

"संपर्क कशाचा बे?" त्यांनी फोनवर हात ठेवला. "सांगितलं असतं तर त्याचाबी तक्ता मागितला असता. मला करमत न्हाई, मनून लावतो फोन."

"सायेब," फोनमधून आवाज आला, "तुमी जेवलात का?"

"जेवलो की."

"खोटं नगा बोलू. आवाज पार खोल गेलाय. उघडा डबा. झाकनाचा आवाज येऊ द्या मला."

सरांनी गुमान झाकण उघडलं.